बोल कुणाला लावायचा?

आमच्या मराठवाड्यात अडीच-तीन महिन्यांचा गर्भ गेला, की सहसा कुणी 'गर्भपात झाला' असं म्हणत नाही. 'पिशवी साफ केली' म्हणतात. नाहीतर नुसतंच, 'तिचं राहिलं नाही.' विषय तिथेच संपतो. घरातलं माणूस गेलं तर दहा दिवस सुतक पाळणारे आपण. पण हिच्या दुःखाला एक दिवसही मिळत नाही. कुणी भेटायला येत नाही, कुणी पिठलं-भाकरीचा डबा आणत नाही. चौथ्या दिवशी बाई धुणं घेऊन नळावर आणि आठव्या दिवशी रानात.

हेच दोनदा, तीनदा झालं की मग मात्र सगळ्यांना वाचा फुटते. 'हिच्या पोटात राहतच नाही.' 'काही बाहेरचं असेल.' 'माहूरगडाची ओटी राहिली असेल.' बोल लावायला माणूस एकच, ती स्वतः.

माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. बी.ए. करून संसाराला लागले आणि मुलं मोठी झाल्यावर बचत गटांच्या कामात पडले. बैठकीत हिशेब झाला, वही मिटली, की बायका खऱ्या बोलायला लागतात. वारंवार गर्भ जाण्याचा विषय तेव्हाच निघतो, तोही दबक्या आवाजात. गेली काही वर्षं अशा बायकांसोबत दवाखान्यात जाते. डॉक्टर घाईत जे सांगतात ते घरी येऊन त्यांना साध्या मराठीत समजावून सांगणं हे माझं काम. त्यासाठी वाचावं लागलं, विचारावं लागलं. त्यातलं आज मैत्रिणींपुढे ठेवते आहे.

जमीन आणि बियाणं

हदगाव तालुक्यातली एक सून. वय सव्वीस. सहा वर्षांत चार वेळा दिवस गेले, चारही वेळा तिसरा महिना पुरा झाला नाही. रिपोर्टांची पिशवी एवढी फुगलेली, की तिचे बंद तुटून गाठ मारलेली. थायरॉईड नॉर्मल, साखर नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. सगळंच नॉर्मल, मग बाळ का नाही? शेवटी डॉक्टर म्हणाले, 'कारण सापडत नाही, पुन्हा प्रयत्न करा.' घरी त्याचा अर्थ लागला तो असा, की मुलाचं दुसरं लग्न लावून द्यायचं.

तिच्या सासूबाई मला म्हणाल्या, ''ताई, जमीनच धरंना हो. चारदा पेरलं, चारदा जळालं. किती दिवस थांबावं माणसानं?''

मी म्हटलं, ''मावशी, मागच्या साली तुमचं सोयाबीन उगवलं नव्हतं, तेव्हा काय केलं?''

''केलं काय? बियाणंच बोगस निघालं. तक्रार दिली तालुक्याला.''

''म्हणजे जमिनीला बोल लावला नाही. पेरणीच्या आधी गोणपाटात शंभर दाणे ओले करून उगवण बघता. वाफसा आहे की नाही बघता. मग सुनेच्या बाबतीत थेट जमीनच कशी नापीक झाली?''

मावशी गप्प झाल्या. पण त्यांची उपमा माझ्या डोक्यात राहिली. तिच्यात थोडं खरं आहे आणि पुष्कळसं खोटं. थोडं खरं एवढ्यासाठी, की गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा आणि वारंवार होणाऱ्या गर्भपाताचा संबंध गेल्या पंधरा वर्षांत शास्त्रज्ञांना दिसू लागला आहे.

आधी थोडे आकडे

गर्भपात ही काही जगावेगळी गोष्ट नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली आलेल्या लेखमालेनुसार, लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे १५ टक्के गर्भपातात संपतात. जगभरात वर्षाला अंदाजे २ कोटी ३० लाख, म्हणजे मिनिटाला ४४. एकदा हे दुःख भोगलेल्या स्त्रिया जवळपास ११ टक्के, दोनदा भोगलेल्या सुमारे २ टक्के आणि तीन किंवा जास्त वेळा भोगलेल्या ०.७ टक्के. हा शेवटचा आकडा छोटा दिसतो, पण हजार बायकांमागे सात म्हणजे मोठ्या गावात अशा कितीतरी जणी निघतील. आपल्याला त्या माहीत नसतात, कारण त्या बोलत नाहीत.

सुरुवातीच्या दिवसांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो. म्हणजे बियाणंच सदोष. स्त्रीबीज आणि पुरुषबीज एकत्र येताना हिशेब चुकतो आणि तसा गर्भ निसर्ग पुढे वाढू देत नाही. यात पपई खाण्याचा, एसटीने माहेरी जाण्याचा, दळण आणण्याचा काही संबंध नाही.

पण त्याच त्या बाईला पुन्हा पुन्हा हे का व्हावं? तिथे अस्तराची गोष्ट सुरू होते.

अस्तर दर महिन्याला काय करतं?

पाळीत जे वाहून जातं ते गर्भपिशवीचं आतलं अस्तर. पाळी थांबली की ते नव्याने वाढायला लागतं. महिन्याच्या मध्यावर स्त्रीबीज बाहेर पडलं, की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि त्याच्या हुकमावर अस्तरातल्या पेशी रूप बदलतात. सडपातळ पेशी गोल, भरदार होतात, त्यांच्यात पोषणाचा साठा होतो. गर्भ आला तर त्याला धरायचं, खाऊ घालायचं, ही तयारी. ज्या प्राण्यांत अशी तयारी होते, त्यांतल्या बहुतेकांत ती गर्भ आल्यावर होते. माणसात मात्र गर्भ येवो न येवो, दर महिन्याला होते. गर्भ आला नाही की सगळं मोडून पुन्हा नव्याने मांडायचं.

गर्भ रुजण्याजोगे दिवस महिन्यात थोडेच, तीन-चार. आपल्या भाषेत, तो अस्तराचा वाफसा. काळ्या रानात फार ओल असली तर पेरता येत नाही आणि वाफसा गेल्यावर पेरलं तर उगवत नाही, तसंच.

पण अस्तर नुसतं मऊ अंथरूण घालून वाट बघत बसत नाही. ते पारखही करतं, असं आता दिसतं आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वारंवार गर्भपात झालेल्या सहा आणि तसा त्रास नसलेल्या सहा स्त्रियांच्या अस्तरातल्या पेशी त्यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यांच्याजवळ गर्भ ठेवले, काही सुदृढ, काही दुबळे. त्रास नसलेल्या स्त्रियांच्या पेशी सुदृढ गर्भाकडे सरकल्या, दुबळ्याकडे गेल्या नाहीत. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या पेशी मात्र दोघांकडेही सरकल्या. म्हणजे या स्त्रियांचं अस्तर नकार देत नाही. उलट दारात येईल त्याला घरात घेतं! जो गर्भ पाळीबरोबर नकळत निघून गेला असता, तो रुजतो, चाचणीत दोन रेघा उमटतात, घरात आनंद होतो आणि आठ-दहा आठवड्यांनी सगळं कोसळतं. प्रयोग लहान होता, त्यावरून सगळ्याच जणींबद्दल बोलता येणार नाही. पण यातल्या काही बायकांना दिवस लगेच जातात आणि राहत मात्र नाहीत, याचा थोडा उलगडा त्यातून होतो.

पेशी म्हाताऱ्या होतात तेव्हा

दुसरा धागा इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठातला. तिथले प्रा. यान ब्रोसेन्स आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं अस्तराचाच अभ्यास करत आहेत. २०१६ साली त्यांनी १८३ स्त्रियांच्या अस्तराचे नमुने तपासून सांगितलं, की वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या अस्तरात मूलपेशी, ज्यांना आपण स्टेम सेल म्हणून ऐकतो, त्या कमी पडतात.

मूलपेशी म्हणजे घरात जपून ठेवलेलं विरजण. दही संपलं तरी विरजण असलं की पुन्हा लावता येतं. अस्तर दर महिन्याला मोडतं आणि उभं राहतं ते या विरजणाच्या बळावर. ते कमी झालं की नवं अस्तर उभं राहतं, पण त्यात लवकर थकणाऱ्या, म्हाताऱ्या पेशी जास्त निघतात. अशा थोड्या पेशी प्रत्येकीच्या अस्तरात असतात आणि त्यांचा निचरा करायला 'नॅचरल किलर' नावाच्या पेशीही तिथेच असतात. नाव ऐकून घाबरायला होतं, पण गर्भपिशवीत त्यांचं काम झाडलोटीचं आणि रक्तवाहिन्या नीट करण्याचं असतं. म्हाताऱ्या पेशी फार झाल्या आणि झाडलोट कमी पडली, की अस्तराचा धर सुटतो.

याच गटाचा पुढचा अभ्यास २०२५ च्या जूनमध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये आला. १३०० हून अधिक स्त्रियांचे सुमारे १५०० नमुने त्यांनी तपासले. अस्तराची ती महिन्याची तयारी काही जणींच्या बाबतीत नीट पुरी होत नाही आणि ही गडबड महिन्यामागून महिने पुन्हा पुन्हा होताना दिसते, असं त्यात आढळलं. जितके गर्भपात आधी झालेले, तितकी ही गडबड असण्याची शक्यता जास्त. म्हणजे सगळंच 'नशीब' नाही. काहींच्या बाबतीत कारण दिवस जाण्याच्या आधीच अस्तरात असतं आणि आधीच शोधता येण्याजोगं असतं. चार-चार वेळा 'कारण सापडत नाही' ऐकलेल्या बाईला हे किती मोलाचं आहे, ते तिलाच विचारावं.

उपाय? त्यावरही काम चालू आहे. सिटाग्लिप्टिन हे मधुमेहाचं औषध याच गटाने वारंवार गर्भपात झालेल्या ३८ स्त्रियांवरच्या छोट्या चाचणीत वापरून पाहिलं. २०२० साली निष्कर्ष आले. तीन महिने औषध घेतलेल्यांच्या अस्तरात मूलपेशी सरासरी ६८ टक्क्यांनी वाढल्या, नुसती रिकामी गोळी घेतलेल्यांत तसा फरक पडला नाही. पण नीट लक्षात घ्या, यात मोजल्या त्या पेशी, बाळं नव्हे. बाळ हाती लागतं की नाही हे ठरायला मोठी चाचणी लागते. हे औषध आता आपल्याकडे स्वस्तात मिळतं, म्हणून मुद्दाम सांगते, सासऱ्यांच्या डब्यातली शुगरची गोळी सुनेने घ्यायची नाही!

नवी काठी नको

हे सगळं सांगताना मला एक धास्ती वाटते. उद्या कुणी म्हणेल, 'बघा, शास्त्रज्ञही म्हणतात दोष बाईच्याच पिशवीत.' म्हणून दोन गोष्टी ठासून सांगते.

एक, अस्तरात कमी-जास्त असणं हा दोष असेल तर तो चष्मा लागण्यासारखा दोष आहे. ती काही चुकली म्हणून झालेला नाही.

दोन, बियाण्याची तपासणी राहूनच जाते. गुणसूत्रांतला दोष पुरुषाकडूनही येऊ शकतो. मुंबईत परळला आयसीएमआरची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिथे गर्भाशयाच्या अस्तरावर, गर्भ रुजण्यावर काम होतं. तसंच वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्यांतल्या पुरुषांच्या शुक्राणूंवरही संशोधन झालं आहे. हे सगळं आपल्या लातूर एक्स्प्रेसने एका रात्रीच्या अंतरावर! तरी आमच्या गावात नवरा दवाखान्याच्या बाहेर गाडीवर बसून असतो आणि आत फक्त बायको जाते.

हदगावच्या त्या सुनेचा नवरा मात्र शेवटी आत आला. दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी झाली, त्याची तंबाखू सुटली. दुसऱ्या लग्नाचं बोलणं तूर्त थांबलं आहे. पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मी मावशींना सांगितलं. थोडं कायद्याने, थोडं सोयाबीनच्या दाखल्याने काम झालं. बाळ व्हायचं तेव्हा होईल, पण घरात तिच्याशी बोलणं सुरू झालं आहे.

दुकानदारीपासून सावध

जिथे दुःख आणि अपुरी माहिती, तिथे दुकान मांडलं जातंच. एका बाईला एका शहरातल्या सेंटरमध्ये 'तुमच्या रक्तात किलर पेशी वाढल्या आहेत' म्हणून महागडी इंजेक्शनं सांगितली. तिने त्यासाठी एक एकर गहाण टाकायची तयारी केली होती. रक्तातल्या या पेशी आणि गर्भपिशवीतल्या पेशी यांची जातकुळी वेगळी. रक्त मोजून अस्तराचं कळत नाही. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा उपचारही आपल्याकडे पुष्कळ चालला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ सालीच तो संशोधनाच्या परवानगीशिवाय देऊ नये असं कळवलं होतं. युरोपातल्या 'एश्रे' या तज्ज्ञांच्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही तो वापरू नये असंच म्हटलं आहे.

जमीन गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. या उपचाराने बाळ हाती आलेल्यांचा अभ्यास आहे का? नाही केला तर काय होईल? धोका काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही.

मग करायचं काय?

दोन गर्भपात झाले की तपासणी सुरू करावी, तिसऱ्याची वाट बघू नये. रक्तात गुठळ्या करणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं आहेत का हे बघतात. ही तपासणी बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते, एकदा नॉर्मल किंवा बिघडलेली आली म्हणून निकाल लागत नाही. ती निघाली तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनचा उपचार आहे आणि त्याचा चांगला उपयोग होतो. थायरॉईड, साखर, पिशवीत पडदा आहे का, दोघांची गुणसूत्रं, आणि शक्य असेल तर पडलेल्या गर्भाचीही तपासणी. 'साफ केलं' की सगळं टाकून देतात. आधीच विचारून ठेवा.

पुन्हा दिवस गेले आणि थोडं अंगावर जायला लागलं तर लगेच दवाखाना गाठा. इंग्लंडमध्ये ४१५३ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. सुरुवातीला रक्तस्राव झालेल्या आणि आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्या स्त्रियांत प्रोजेस्टेरॉन घेतल्यावर ७२ टक्के जणींना बाळ झालं, न घेतलेल्यांत ५७ टक्के. अस्तराला धरून ठेवणारं हेच ते संप्रेरक. पण सरसकट सगळ्यांना त्याचा फायदा होत नाही, कुणाला द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात, फारशा कळा न येता जात असेल तर गोष्ट वेगळी असू शकते. तिथे अस्तर नाही, पिशवीचं तोंड सैल असतं. त्यावर टाका घालायची रीत जगाला दिली ती मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी, १९५५ साली. गोव्यातल्या शिरोड्याला १८९९ मध्ये जन्मलेला हा माणूस; आजही जगभरात तो 'शिरोडकर टाका' म्हणूनच ओळखला जातो. म्हणून गर्भ कितव्या आठवड्यात गेला, दुखलं का, आधी काय झालं, हे सगळं एका वहीत लिहून ठेवा. ही वही महागड्या तपासणीइतकीच कामाची असते.

नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या स्त्रीरोग विभागात सुरुवात करता येते. प्रसूती लाभाचा कायदा लागू असलेल्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या स्त्रीला, कायद्याच्या अटी पूर्ण होत असतील तर, गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. किती जणींना हे माहीत आहे?

आणि आशा सोडू नका. डेन्मार्कमध्ये वारंवार गर्भपात झालेल्या ९८७ स्त्रियांचा मागोवा घेतला, तेव्हा पाच वर्षांत दर तिघींपैकी दोघींच्या मांडीवर बाळ आलेलं होतं. वय वाढतं तसा हा आकडा उतरतो, म्हणून तपासणी लवकर.

संशोधक पेशींचं काम बघत आहेत, ते बघतील. शेजारपाजारचं काम मात्र आपलं आहे. तुमच्या गल्लीत, वस्तीवर कुणाचं 'राहिलं नाही' असं कळलं, तर तिच्याकडे डबा घेऊन जा. 'होईल पुन्हा' एवढंच म्हणून उठू नका. तिला विचारा, 'बाई, तुला कसं वाटतंय?' आणि ती बोलेल तेवढं ऐका.